आत्याबाईंची फांदी

१

आमच्या गावात खड्डे बुजवण्यापेक्षा त्यांना नावं ठेवण्याची पद्धत जुनी आहे. पेट्रोल पंपासमोरची 'बादली', शाळेच्या भिंतीलगतचे 'जुळे', उतारावरचा 'जावई'. त्या जावयाची कितीही सरबराई केली तरी तो पुन्हा तोंड वासून बसलेलाच. ही नावं कुठल्या नकाशावर नाहीत. पण गाडी चालवणाऱ्या कुणालाही विचारा, तो डोळे मिटून सांगेल.

मी रुग्णालयाची अ‍ॅम्ब्युलन्स चालवतो. मागे माणूस आडवा असतो. कुणाचं हाड मोडलेलं, कुणाला कळा सुटलेल्या, कुणाच्या हाताला सलाइनची सुई. रस्ता मला डोळ्यांनी कमी आणि बुडाने जास्त कळतो. प्रत्येक खड्ड्याचा हिसका वेगळा असतो आणि तो हाताला ओळखू येतो.

पंक्चरवाल्याच्या दुकानाजवळ, ऐन वळणावर, आत्याबाई होत्या. डावीकडची कड सुरीने कापल्यासारखी उभी, उजवीकडून उतार. चाक चुकलंच तर आधी डावी बाजू खाली जायची, मग स्टिअरिंग डावीकडे ओढायचं आणि मग मागे स्ट्रेचरची सैल कडी वाजायची. ठण. तो क्रम कधी बदलायचा नाही. लग्नघरातल्या आत्याबाईंसारखा मान देऊन वळसा घातल्याशिवाय गावातली एकही गाडी पुढे जात नसे, म्हणून तर ते नाव.

आम्हा चालकांचा एक रिवाज आहे. खड्ड्यात ज्याचं चाक बसेल त्याने खाली उतरायचं, जवळच्या झाडाची फांदी तोडायची आणि खड्ड्यात उभी रोवायची, म्हणजे मागून येणाऱ्याला लांबून दिसते. खड्डा बुजवला तरी भर पक्की बसेपर्यंत फांदी तशीच ठेवायची. कुणाला ती काढायचीच असेल, तर त्याने आधी स्वतःची गाडी तिथून नेऊन दाखवायची आणि मगच हात लावायचा. एरवी आम्ही एकमेकांना शिव्या घालतो, आडव्या गाड्या घालतो, पण हा नियम मोडलेला मी पाहिला नव्हता.

मोडला तो ज्याला आम्ही 'ठिगळे' म्हणायचो त्याने. त्याचं खरं आडनाव वेगळं आहे. रस्तेदुरुस्तीचं कंत्राट वर्षानुवर्षं त्याच्याकडेच, आणि रस्त्याला ठिगळं लावण्यापलीकडे त्याने काही केलं नाही.

२

त्या दुपारी ठिगळेची माणसं ट्रॅक्टर घेऊन आली. आत्याबाईंच्या पोटात विटांचे तुकडे आणि माती ओतली, वर पापडाएवढा डांबराचा थर दिला आणि फावड्याच्या पाठीने थोपटला. रोलर फिरवायचा असतो हे बहुधा त्यांच्या गावीही नव्हतं. ते गेल्यावर पंक्चरवाल्याने रिवाजाप्रमाणे त्यात फांदी रोवली.

मग पांढऱ्या गाडीतून ठिगळे आला. काम झाल्याचा फोटो काढायचा होता. "फोटोत हे झुडूप कशाला?" असं म्हणत त्याने ती फांदी स्वतःच्या हाताने उपटली आणि दुकानाच्या पत्र्यावर भिरकावली. फोटो निघाला. गाडी त्याने खड्ड्यावरून नेली नाही. होती तिथूनच मागे वळवली.

वळणावर पाण्याचा एक पाइप कायमचा गळका आहे. संध्याकाळपर्यंत माती भिजून बसली, डांबराचा पापड आत गेला आणि वर पाणी साचलं. रस्त्याच्या बरोबरीला, चकचकीत. पंक्चरवाला फांदी परत लावायची म्हणता म्हणता गिऱ्हाइकात अडकला आणि तेव्हा जेवायला घरी गेला होता.

माझा थोरला भाऊ शहर बस चालवायचा. त्या रस्त्याचा कण न् कण त्याला पाठ होता. दादा बस लावून मोटारसायकलवरून घरी निघाला. लांबून फांदी दिसली नाही, म्हणजे आत्याबाईंचं काम पक्कं झालं असं त्याने धरलं. आमच्यातला कुणीही तेच धरून चालला असता.

फोन आला तेव्हा ड्युटी माझी होती. मीच त्याला उचललं. मोटारसायकलच्या मागच्या दिव्याची लाल काच फुटून त्या पाण्यात पडली होती. मी जीव खाऊन गाडी हाणली आणि जुळ्यांवर आदळलो. मागून दादा म्हणाला, "हळू रे." त्यानंतर तो काही बोलला नाही.

चौकशीत ठिगळे इस्त्रीचा शर्ट घालून शांतपणे म्हणाला, "त्या दिवशी तिथे खड्डा नव्हताच. बुजवलेला होता. फोटो आहे." अधिकाऱ्याने फोटो पाहिला, मान डोलावली आणि दादा भरधाव होता असं ठरवून मोकळा झाला. पंक्चरवाला ओरडून फांदीचं सांगत राहिला, तर त्याला बाहेर काढलं. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. ठिगळेला तिथेच आडवा करावा असं वाटलं, पण दोन शिपायांनी मला धरून ठेवलं होतं.

कचेरीच्या जिन्यात वहिनी, दादाची बायको, थांबली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"भाऊजी," ती म्हणाली, "तिथे खड्डा नव्हता म्हणतात. मग कुठे होता?"

३

पुढच्याच आठवड्यात वळणावर खराखुरा रोलर आला. चौकशीनंतर तेवढी लाज कुणीतरी बाळगली. आत्याबाई गेल्या. त्या जागेवर रस्ता असा झाला की गोटी ठेवली तर हलायची नाही.

मी तिथून सावकाश गेलो. दातओठ खातच गेलो. काही लागलं नाही. वळण संपलं, बेकरी आली, आणि बेकरीसमोरच्या चांगल्या, सपाट रस्त्यावर डावी बाजू खाली गेली. स्टिअरिंग डावीकडे ओढलं. ठण.

मी गाडी थांबवली. शेजारी सिस्टर बसली होती. ती माझ्यासोबत बरीच वर्षं फिरते आणि कशालाही भीक घालत नाही.

"काय झालं?" तिने विचारलं.

"खड्डा."

तिने खिडकीतून डोकं बाहेर काढून पाहिलं. मीही उतरून पाहिलं. काळं, कोरडं, अखंड डांबर. मी बुटाची टाच आपटून पाहिली. घट्ट.

"तुझा शॉकअप गेलाय," सिस्टर म्हणाली.

गॅरेजमध्ये गाडी वर चढवून पाहिली. शॉकअप ठीक, बुश ठीक, चाकाचं अलाइनमेंट ठीक. मेकॅनिक हात पुसत म्हणाला, "गाडी ठणठणीत आहे. तू चार दिवस रजा घे." मलाही ते पटलं. भाऊ गेलेल्या माणसाच्या हाताला असं काहीबाही लागायचंच, असं मी स्वतःला समजावलं. पण चार दिवसांनी रजा संपवून परत आलो, तर बेकरीसमोर काही नव्हतं आणि त्याच्या पुढे, औषधांच्या दुकानासमोर होतं. तोच क्रम. तीच कडी.

४

पंक्चरवाल्याकडे हवा भरायला गेलो, तर पाण्याच्या टँकरचा चालक तिथे बसला होता. टायर उतरवलेला होता आणि आत काही सापडत नव्हतं.

"औषधांच्या दुकानासमोर बसलं बघ चाक," तो म्हणाला. "उतरून बघतो तर काही नाही. म्हटलं, सकाळी सकाळी काय थट्टा आहे!"

"डावीकडे ओढलं?" मी विचारलं.

"आत्याबाईंसारखं," तो हळूच म्हणाला आणि लगेच हसला. त्याचं हसू काही टिकलं नाही.

मग एकेकाने तोंड उघडलं. रिक्षावाल्याला बेकरीसमोर लागला होता. दुधाच्या गाडीला दवाखान्याच्या कोपऱ्यावर. ज्याला कालपरवा लागला त्याला पुढे, ज्याला आधी लागला त्याला मागे. आम्ही सगळे आपापल्या डोक्यात तो रस्ता जोडत होतो आणि मूग गिळून बसलो होतो. एकाने रिवाज म्हणून फांदी लावायला घेतली होती, पण सपाट डांबरात फांदी रोवणार कशी? त्याने ती नुसती आडवी ठेवली आणि गाड्यांनी तिचा चुरा केला.

"हे कुठे चाललंय?" रिक्षावाल्याने विचारलं.

पंक्चरवाल्याने पान्हा खाली ठेवला. दवाखान्याच्या कोपऱ्यापुढे रस्ता टेकडीवर चढतो. टेकडीवर चारच बंगले आहेत. शेवटचा ठिगळेचा.

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगतो, मला आनंद झाला. दादा गेल्यापासून पहिल्यांदा मला कडकडून भूक लागली.

५

ठिगळेच्या आईच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. तिला तपासणीसाठी न्यायला सकाळी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, आणि पाळी माझी होती. मी ती कुणाबरोबर बदलून घेतली नाही.

टेकडीवरचा रस्ता ठिगळेने स्वतःसाठी केलेला. असा रस्ता मी आयुष्यात चालवला नव्हता. पाण्याने भरलेला पेला टपावर ठेवला असता तरी थेंब सांडला नसता. म्हणजे येत होतं त्याला! करायचं ठरवलं तर सगळं येत होतं. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून धरावं लागलं.

बंगल्याच्या खाली गाड्या लावायची जागा आणि वर घर. मी पांढऱ्या गाडीशेजारी अ‍ॅम्ब्युलन्स लावली आणि सिस्टर आणि मी स्ट्रेचर घेऊन जिना चढलो.

दार उघडताच डांबराचा वास आला. घरात, पडदे लावलेल्या दिवाणखान्यात, ताज्या डांबराचा वास. मऊ सोफे, काचेचं टेबल, दुधासारखी पांढरी फरशी. आणि त्या फरशीच्या मधोमध परातीएवढं काळं ठिगळ. त्यात मेंदीच्या कुंपणाची एक फांदी उभी रोवलेली होती.

"फरशी जरा खचली होती," ठिगळे म्हणाला. त्याने मला ओळखलं नाही. चौकशीच्या दिवशी मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो, तरी नाही. "फरशीवाला पुढच्या आठवड्यात येतोय. तोवर माझ्या माणसांकडून बुजवून घेतलं."

डांबराच्या कडेला काहीतरी चमकलं. मी वाकून पाहिलं. नखाएवढा लाल काचेचा तुकडा होता.

माझं डोकं लगेच कारणं शोधायला लागलं. ट्रॅक्टरमधून आलेली खडी कुठलीही असू शकते. लाल काच कशाचीही असू शकते. घरातली फरशी खचते, त्यात काय! तेवढ्यात मला आठवलं की या खोलीच्या बरोबर खाली माझी गाडी उभी आहे, आणि गाडीतून उतरताना मी वर पाहिलं होतं. छताला पांढरा रंग होता, साधा ओरखडाही नव्हता.

६

आजी आतल्या खोलीत पलंगावर होत्या. आम्ही त्यांना अलगद स्ट्रेचरवर घेतलं. वजनाला अगदी हलक्या, पण आवाज खणखणीत.

"फांदी मी लावून घेतली हो," त्या मला म्हणाल्या. "ह्याचे वडील ट्रक चालवायचे. आमच्याकडे तशी रीतच होती. तू ड्रायव्हर आहेस, तुला सांगायला नको."

"नको, आजी," मी म्हणालो.

दिवाणखान्यात आलो तेव्हा ठिगळे कानाला फोन लावून उभा होता. कुणी मोठे पाहुणे यायचे होते. त्याने फांदीकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आई, घरात हे झुडूप कशाला?"

"अरे, आधी त्यावरून चालून दाखव, मग काढ," आजी स्ट्रेचरवरून ओरडल्या. "तुझ्या बापाने कधी तशी काढली का रे?"

"बुजवलंय ते, आई. आता काय घरात रोलर फिरवू?" तो हसला आणि वाकून फांदी उपटली.

ती येतच राहिली. वर हातभर दिसत होती, पण खालून आणखी हातभर निघाली, आणि आणखी. खालचा भाग भिजून काळा पडला होता आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. ठिगळेने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग फोनवर "हो, हो, बोला" म्हणत ती दाराकडे भिरकावली. सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. कशालाही भीक न घालणाऱ्या त्या बाईचे ओठ पांढरे पडले होते.

आम्ही स्ट्रेचर भिंतीला घासत, लांबचा वळसा घालून नेलं. दाराशी पोचल्यावर आजींनी माझी बाही धरली.

"बाबा, लाव रे ती परत. त्याला नाही कळत."

फांदी माझ्या पायाशी पडली होती. एका हाताचं काम होतं. मी ती उचलली, आणि दादाचं 'हळू रे' मला अगदी कानाशी ऐकू आलं. फांदी मी स्ट्रेचरच्या खालच्या कप्प्यात सरकवली.

"लावली, आजी," मी म्हणालो.

त्या आडव्या होत्या. त्यांना दिसलं नाही. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

७

जिन्याच्या पहिल्या वळणावर स्ट्रेचर फिरवताना माझं तोंड पुन्हा दाराकडे झालं. दार अर्धं उघडं होतं. ठिगळे फोनवर बोलत येरझाऱ्या घालत होता, पाठमोरा, मग समोरून, मग पाठमोरा. सपातांचा आवाज येत होता.

मग त्याचा डावा खांदा खाली गेला.

तो ओरडला नाही. डावीकडे ओढल्यासारखा हिसका बसला आणि त्याचं डोकं सोफ्याच्या पाठीच्या पातळीला आलं. त्याची नजर माझ्यावर पडली. आता त्याने मला ओळखलं, हे मी शपथेवर सांगेन. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. कुणीतरी त्याला खालून काहीतरी विचारलं होतं आणि उत्तर आठवत नव्हतं, असा तो चेहरा होता. मग डोकं काचेच्या टेबलाच्याही खाली गेलं. दिवाणखान्याच्या छतावर लाल उजेड पडला, पुढच्या गाडीने ब्रेक मारल्यावर पडतो तसा, आणि विझला.

मागे कुठेतरी ठण वाजलं. स्ट्रेचरची कडी तर मी अंगठ्याने दाबून धरली होती.

"का थांबलास?" खालून सिस्टरने विचारलं. तिची पाठ दाराकडे होती.

"काही नाही," मी म्हणालो. "चल, उतर."

बराच वेळ फोनमधून कुणीतरी हॅलो, हॅलो म्हणत होतं. तो आवाज खोलातून येत होता.

८

दुपारी आजींना परत सोडायला गेलो तेव्हा घरात माणसंच माणसं होती. पांढरी गाडी खाली जागेवर होती. एक सपात सोफ्याखाली सापडली होती, दुसरी सापडत नव्हती. फरशी भिंतीपासून भिंतीपर्यंत दुधासारखी पांढरी. ठिगळ नव्हतं. जोडसुद्धा दिसत नव्हता. आजींनी एकदा जमिनीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

चौकशीला तोच अधिकारी आला. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "घरातला गडी म्हणतो, इथे खड्डा होता. तुम्ही सकाळी आला होतात. होता का?"

एवढ्या क्षणासाठी मी इतके दिवस जगलो होतो असं मला वाटलं. मी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणालो, "नाही, साहेब. खड्डा नव्हताच. बुजवलेला होता."

त्याला ते शब्द कुठेतरी ऐकल्यासारखे वाटले असावेत. त्याच्या भुवया जवळ आल्या, पण आठवलं नाही. मी शीळ घालत टेकडी उतरलो.

घरी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. अ‍ॅम्ब्युलन्स दारासमोर लावली. वहिनी स्वयंपाकघरात भांडी लावत होती. मी बाहेरच्या ओट्यावरूनच तिला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, फांदीचंही नाही. मला वाटलं होतं, ती रडेल किंवा सुटकेचा श्वास सोडेल. ती हातातलं पातेलं तसंच धरून ऐकत राहिली.

"आणि साहेबांना काय सांगितलंत?"

"तेच. त्याचेच शब्द त्याच्या घशात घातले. खड्डा नव्हता म्हणालो."

तिने पातेलं खाली ठेवलं. जिन्यातल्या त्या दिवशीसारखाच तिचा आवाज बसला होता.

"भाऊजी," ती म्हणाली, "मग आता कुठे आहे?"

आमच्या गल्लीत शिरताना डावी बाजू जराशी खाली गेल्याचं मला तेव्हा आठवलं. शिळेच्या नादात मी तिकडे लक्षच दिलं नव्हतं. कडी वाजली होती का? वाजली असावी. वाजलीच होती.

मी धावत गाडीकडे गेलो. फांदी स्ट्रेचरखाली होती. दिवसभर उन्हात तापलेल्या गाडीत पडून तिची पानं कोमेजली होती, पण खालचं टोक अजून ओलं होतं आणि कप्प्यात पाणी साचलं होतं. ती घेऊन मी उंबऱ्यापर्यंत आलो आणि तिथेच अडलो. समोर आमचं घर होतं. ओळखीची, झिजलेली, सपाट जमीन. दादाच्या चपला ठेवायची जागा, पाण्याचं पिंप, वहिनीची शिलाईची मशीन. फांदी कुठे रोवायची तेच कळेना.

"काय झालं?" वहिनीने विचारलं. माझा चेहरा पाहून ती घाबरली होती. पदराला हात पुसत ती माझ्याकडे यायला निघाली.

"वहिनी, थांबा," मी ओरडलो. "आहे! खड्डा आहे! आहे तिथेच उभ्या राहा!"

तिने पाऊल उचललेलं होतं. डावं.